क्वांटमचं वर्ष आणि सिकलसेलचं कार्ड

भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना अड्याळ लागतं. धानाचा मुलूख आहे. बांध्या, बोड्या, तलाव आणि रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाया. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेल हा शब्द न शिकलेल्या म्हातारीलाही ठाऊक आहे, कारण कुणाच्या ना कुणाच्या घरात तो रोग आहे. इथले एक निवृत्त विज्ञान शिक्षक आणि त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी, आता उपकेंद्रात आरोग्यसेविका असलेली, यांच्यातला हा संवाद. विज्ञानातलं नवं संशोधन कुणासाठी, यावर दोघांचं पटत नाही. दोघंही मनापासून बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे. गावात तिला सगळे सिस्टर म्हणतात. सर मात्र अजूनही ‘बाई’ म्हणतात.

सर : 2025 हे साल संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञानाचं वर्ष म्हणून पाळलं, बाई. 1925 च्या जूनमध्ये हायझेनबर्गनं हेल्गोलँड बेटावर जे गणित जुळवलं, त्याला शंभर वर्षं झाली. 2025 चंच भौतिकीचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस या तिघांना मिळालं. अणूएवढ्या सूक्ष्म जगातले नियम हातात धरता येईल एवढ्या विद्युत मंडलातही चालतात, हे त्यांनी दाखवलं. आपल्या सरकारनंही एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6,003.65 कोटी रुपये मंजूर केले. मला वाटतं, हे आपल्या शाळेतल्या पोरांपर्यंत गेलंच पाहिजे.

सिस्टर : पोरांना सांगा जी, मी कुठं नाही म्हणते. पण त्या सहा हजार कोटींतलं माझ्या उपकेंद्रात काय येते? माझ्याकडे सिकलसेलची एक पोरगी आहे, आठवीतली. थंडी पडली की तिची हाडं ठणकतात, रात्रभर ओरडते. तिच्या मायला मी क्वांटमचं काय सांगू?

सर : सहा हजार कोटी आठ वर्षांसाठी आहेत. आणि तो पैसा तुझ्या औषधांतून कापून दिलेला नाही.

सिस्टर : कापला नसेल. पण लक्ष तर तिकडेच जाते ना. पेपरात क्वांटम, टीव्हीवर क्वांटम. अन् गावातही ते केव्हाचं आलं आहे, सर, तुम्हाला माहीत नसेल. बाजाराच्या दिवशी टेबल मांडतात. हातात धातूची कांडी धरायला देतात, लॅपटॉपवर रंगीत पट्टे पळतात, अन् दोन मिनिटांत किडनी, लिव्हर, हाडं, जीवनसत्त्वं, साऱ्यांचा छापील रिपोर्ट. मशीनचं नावच क्वांटम अ‍ॅनालायझर. रिपोर्ट दाखवून मग पावडरीचे डबे विकतात. मी बोटातून थेंबभर रक्त मागितलं तर लोकं हात मागे घेतात, अन् त्या कांडीला पैसे मोजतात.

सर : ती फसवणूक आहे. त्या कांडीचा आणि क्वांटमचा काडीचा संबंध नाही. कातडीला धातू टेकवून यकृताची खबर मिळत नाही, तसं दाखवणारा कुठलाही शास्त्रीय आधार नाही. ज्या मंडलाला नोबेल मिळालं ते निरपेक्ष शून्याच्या जवळ थंड करावं लागलं, तेव्हा कुठं क्वांटमचा परिणाम मोजता आला. आणि हे लोक भर उन्हात, बाजारच्या धुळीत क्वांटम मोजतात? बाई, तू त्यांना उठवून का लावत नाहीस?

सिस्टर : मी एकटी काय उठवू जी? तुम्ही येता का माझ्यासोबत येत्या बाजाराला?

सर : येतो. नक्की येतो. पण त्याआधी माझं ऐकून घे. ज्या रोगासाठी तू बोटाला सुई टोचतेस, त्याचं मूळ शोधणारा माणूस क्वांटमवालाच होता. लायनस पॉलिंग. 1926 मध्ये तो अमेरिकेहून म्युनिकला गेला, झोमरफेल्टकडे ते नवं गणित शिकला आणि परत येऊन त्यानं ते रसायनशास्त्रात लावलं. अणू एकमेकांना धरून का राहतात, याचा उलगडा त्यातून झाला. मग 1936 मध्ये तो आणि कोरिएल रक्ताकडे वळले. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर सरतं आणि ऑक्सिजन सोडलेलं चुंबकाकडे ओढलं जातं, हे त्यांनी मोजून दाखवलं.

सिस्टर : रक्त चुंबकाला ओढते?

सर : फार थोडं, पण ओढलं जातं. हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन इवल्या चुंबकासारखा वागतो. दोन जोडीनं बसले की एकमेकांचं चुंबकत्व मिटवतात. ऑक्सिजन नसताना त्या लोहाचे चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात. ऑक्सिजन येऊन बसला की एकही एकटा उरत नाही. जुन्या भौतिकीला हे सांगताच आलं नसतं. 1845 मध्ये फॅरेडेनं वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं होतं, त्याला काही दिसलं नाही. पुढं याच फरकावर ओगावा यांनी 1990 मध्ये चालत्या मेंदूची छायाचित्रं घेण्याची पद्धत उभी केली. मेंदूच्या फंक्शनल एमआरआयचं मूळ ते.

सिस्टर : बरं. अन् सिकलसेल?

सर : तेच सांगतोय. 1945 मध्ये डॉ. कॅसल नावाच्या वैद्याकडून पॉलिंगला कळलं की या रोग्यांच्या पेशी अशुद्ध रक्तात विळ्यासारख्या वाकतात आणि ऑक्सिजन मिळाला की पुन्हा सरळ होतात. हिमोग्लोबिनवर दहा वर्षं घालवलेला माणूस तो. त्याच्या लगेच ध्यानात आलं की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असणार. 1949 मध्ये इटानो, सिंगर आणि वेल्स या सहकाऱ्यांसह त्यानं ते सिद्ध केलं. विजेच्या क्षेत्रात ठेवल्यावर रोग्याचं हिमोग्लोबिन निरोग्यापेक्षा वेगळ्या गतीनं सरकलं. वाहकाच्या, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या माणसाच्या, रक्तात दोन्ही जाती सापडल्या. तुझ्याकडून जो नमुना पक्क्या तपासणीला जातो, त्याच्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या अहवालात ए आणि एस असे दोन पट्टे येतात ना? ती पद्धत तीच. रेणूतल्या बदलामुळे होणारा रोग असा पहिल्यांदाच दाखवला गेला. पुढं 1956-57 मध्ये इन्ग्रॅमनं नेमकी जागा हुडकली. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत 574 अमिनो आम्लं असतात, त्यातली फक्त दोन बदललेली. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. आठवीतल्या त्या पोरीचं सारं दुखणं तेवढ्यात आहे.

सिस्टर : हे ऐकायला बरं वाटते, सर. खरं सांगते, बरं वाटते. पण आता माझा हिशेब ऐका. शिकागोच्या हेरिकनं हा रोग 1910 मध्ये लिहून ठेवला. कारण 1949 मध्ये कळलं. आपल्या देशात नीलगिरीत 1952 मध्ये सापडला. अन् नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या रक्तात तो आहे असं 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. नागपूर म्हणजे इथून किती दूर? तरी गावात नळी घेऊन रक्त पाहायला सुरुवात झाली ती या शतकात. मधल्या काळात माझ्या आजीच्या बहिणीची लेकरं गेली. एक पाचव्या वर्षी, एक बाराव्या. कुणी म्हणे वात आहे, कुणी म्हणे बाहेरचं आहे. तुमच्या पॉलिंगला ठाऊक होतं, नागपूरच्या डॉक्टरांना ठाऊक होतं. माझ्या आजीला कोणी सांगितलं?

यावर सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, या संवादातला सगळ्यात खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचं उत्तर पॉलिंगकडे मागून उपयोग नाही. 1958 नंतरची ती दशकं प्रयोगशाळेनं घालवलेली नाहीत. ज्यांच्या घरात रोग होता त्यांचा आवाज कुणाच्या कानापर्यंत जात नव्हता, म्हणून ती गेली. पुण्याच्या डॉ. एस. एल. काटे यांनी महाराष्ट्रभर फिरून केलेल्या पाहण्यांत वाहकांचं प्रमाण समाजागणिक शून्यापासून 35 टक्क्यांपर्यंत निघालं. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातही हा रोग आहे. हेच प्रमाण सधन शहरी वस्त्यांत असतं तर नळी पन्नास वर्षं आधी आली असती, याबद्दल मला शंका नाही.

सर : तुझा राग बरोबर आहे. पण त्या नळीत काय घडतं ते तरी पोरांना सांगतेस का?

सिस्टर : सांगते की. नळीतल्या औषधात सॅपोनिन असते, ते पेशी फोडते. डायथायोनाइट ऑक्सिजन ओढून घेते. साधं हिमोग्लोबिन विरघळून राहते, नळीमागच्या कागदावरच्या रेघा दिसतात. सिकलचं विरघळत नाही, पाणी गढूळ होते, रेघा दिसत नाहीत. मग तो नमुना पुढच्या तपासणीला.

सर : का विरघळत नाही?

सिस्टर : ते तुम्ही शिकवलं नाही.

सर : तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता सांगतो. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलीन तेलकट, ते पाणी टाळतं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा फिरतो आणि शेजारच्या रेणूवर त्या व्हॅलीनला बसायला नेमकी खाच मिळते. एकाला एक चिकटत लांब दोरे बनतात, ते पेशीला आतून ताणतात. पण खरी गंमत पुढं आहे. हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी 1974 मध्ये पाहिलं की ऑक्सिजन सुटल्याबरोबर दोरे बनत नाहीत, आधी थोडा अवकाश जातो. पेशीला बारीक केशिकेतून पार व्हायला साधारण एक सेकंद लागतो. अवकाश त्याहून मोठा असेल तर पेशी सुखरूप निसटते आणि फुप्फुसात जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते. अवकाश कमी पडला तर वाटेतच कडक होऊन अडकते. आणि हा अवकाश पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार विलक्षण रीतीनं ठरतो, जवळजवळ तिसाव्या घातानं. म्हणजे दाटपणा शंभरात एकानं वाढला, तरी अवकाश पाव हिश्शानं घटतो.

सिस्टर : थांबा. म्हणजे अंगातलं पाणी जरासं कमी झालं तरी...

सर : तरी पेशी सुकते, दाटपणा वाढतो आणि तो एक सेकंद हातचा जातो.

सिस्टर : म्हणून रोवणीत. सर, दरवर्षी आषाढ-श्रावणात माझ्याकडे दुखणेकरी वाढतात. पाय दिवसभर पाण्यात, पण बाया पाणी पीत नाहीत. बांधीत आडोसा कुठं असते? लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात. वरून पाऊस, खालून गारठा, अन् कंबर मोडेस्तोवर काम. मी म्हणते, पाणी प्या. त्या हसतात. म्हणतात, पाण्यातच तर उभ्या आहोत.

सर : मग आता त्यांना तो सेकंद सांग.

सिस्टर : सांगीन. पण आडोसा कोण बांधून देईल, ते तुमच्या घातांकात नाही.

खरं आहे, नाही. रोवणीला एकत्र जाणाऱ्या बायांसाठी बांधावर आडोशाची सोय करणं ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं काम आहे, आणि सिकलसेलच्या गावात ते औषधोपचाराइतकंच महत्त्वाचं मानायला हवं. असो. संवाद पुढं नव्या उपचारांकडे वळला.

सर : आता रोग मुळातून जाण्याची वाटही निघाली आहे. शार्पेंटिये आणि डाउडना यांना 2020 मध्ये ज्या जनुक कात्रीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ती वापरून केलेला पहिला उपचार सिकलसेलसाठीच मंजूर झाला. कॅसजेव्ही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023, अमेरिकेत डिसेंबर 2023.

सिस्टर : अन् किंमत?

सर : अमेरिकेत 22 लाख डॉलर.

सिस्टर : तेव्हाच्या भावानं अठरा कोटी रुपये. एका माणसाला. अन् अस्थिमज्जेतल्या पेशी बाहेर काढायच्या, उरलेल्या केमोथेरपीनं जाळायच्या, सुधारलेल्या परत घालायच्या, कित्येक आठवडे दवाखान्यात राहायचं. माझ्या आठवीतल्या पोरीची माय रोजंदारीवर जाते, सर.

सर : म्हणून तर आपल्या लोकांनी हात घातला. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेनं आपली स्वतःची कात्री तयार केली. नोव्हेंबर 2025 मध्ये ‘बिरसा 101’ या नावानं ती जाहीर झाली, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला दिलं. किंमत कमी ठेवणं हाच त्यामागचा हेतू आहे.

सिस्टर : नाव बिरसा मुंडांचं ठेवलं, चांगलं केलं. ती उपचारपद्धती ज्या दिवशी भंडाऱ्यात मिळेल त्या दिवशी मी पेढे वाटीन. पण तोवर माझ्या हातात हायड्रॉक्सीयुरियाच आहे. तेही सगळ्यांना नाही. मधून मधून रक्त तपासावं लागते, पांढऱ्या पेशी उतरल्या तर गोळी थांबवावी लागते. तपासणीला जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. दोन महिने दुखणं नसलं की घरचे म्हणतात, आता कशाला गोळी? अन् बंद करतात.

सर : हायड्रॉक्सीयुरिया काय लहान शोध आहे का, बाई? ते रसायन 1869 मध्ये जर्मनीत बनलं, कुणाला त्याचा उपयोग माहीत नव्हता. 1948 मध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आलं की नवजात बाळांच्या पेशी वाकत नाहीत, कारण त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ते त्या दोऱ्यांत बसत नाही, दोरा तोडतं. मोठ्या माणसात ते पुन्हा वाढवणारं औषध म्हणजे हे. आणि कॅसजेव्हीही शेवटी तेच करते, 2008 च्या सुमारास कळलेला बीसीएल 11 ए नावाचा अडसर सैल करते. सगळं एकाच धाग्यात आहे.

सिस्टर : मग मी तुम्हाला माझ्या धाग्याचं सांगते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांवर अभ्यास केला, 2012 मध्ये छापून आला. बाहेरच्या देशांत डोस हळूहळू वाढवत वरपर्यंत नेतात. त्यांनी किलोमागे फक्त 10 मिलिग्राम, ठरावीक, कमी डोस देऊन पाहिला. मुलांचं दुखणं कमी झालं, रक्त चढवणं कमी झालं, भरती होणं कमी झालं. कमी डोस म्हणजे धोका कमी, खर्च कमी, तपासणीचा ताण कमी. आपल्याकडचा सिकलसेल सौम्य असते असं पुस्तकात लिहून ठेवलं होतं. या लोकांनी विदर्भातली पोरं पाहून सांगितलं, नाही, इथंही तो जिवावर उठते. हे संशोधन मला उपयोगी पडलं, सर. ते कुठल्या बेटावर झालं नाही. रुग्णांच्या रांगेसमोर बसून झालं.

सर : याच्यावर मी काय बोलू? मान्य.

सिस्टर : मला अजून असंच पाहिजे. जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी उपकेंद्रातच कशी होईल. लहान पोरांना गोळीचे तुकडे न करता डोस कसा देता येईल. लोक गोळी मधेच का सोडतात. यावर कुणी नोबेल देत नाही.

सर : नाही देत. पण बाई, डॉ. जैन यांना डोस कमी करून पाहता आला, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनचं काम कुणी तरी आधीच उलगडलं होतं. आज जो क्वांटमचा संवेदक मुंबईच्या आयआयटीत घडतोय, तो कुणाच्या रक्ताला उपयोगी पडेल हे आज सांगता येणार नाही. पॉलिंगनं चुंबक धरला तेव्हा त्याला अड्याळ ठाऊक नव्हतं. आणि खोटं बोलणार नाही, क्वांटम संगणकानं आजवर रोग्याच्या हातात एकही औषध दिलेलं नाही. पुढं देईल या आशेवर ते काम चाललंय.

सिस्टर : आशेवर चालू द्या. मी कुठं बंद करा म्हणते? माझं एवढंच, की शोध लागला त्या दिवसापासून घड्याळ सुरू होते. 1958 चं पुन्हा व्हायला नको. आता कार्डाचंच पाहा. 2023 च्या 1 जुलैला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, 0 ते 40 वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत रोग हटवायचा. मी गावातल्या पोरापोरींना तपासून कार्ड दिलं, कोण निरोगी, कोण वाहक, कोण रोगी ते त्यावर असते. दिवाळीनंतर मंडया भरतात, पाहुणे येतात, सोयरिकी तिथंच जुळतात. अन् कार्ड पेटीच्या तळाशी. बाप म्हणते, पोरीचं कार्ड दाखवलं तर कोण करील? पोराचं कार्ड तर कोणी मागतच नाही.

सर : त्यांना सांगितलंस का, वाहक म्हणजे रोगी नव्हे?

सिस्टर : शंभरदा. दोघंही वाहक असले तर प्रश्न, एक वाहक अन् एक निरोगी असेल तर रोगी लेकरू होत नाही, हेही सांगते. दोघं वाहक असले तर चारात एक, हे लोकांना पाठ आहे. पण कसं पाठ? पहिलं लेकरू रोगी निघालं तर म्हणतात, आता पुढची तीन चांगली. प्रत्येक खेपेला चारात एक, हे कुणाच्या डोक्यात उतरत नाही.

सर : ते माझं काम. मेंडेल मी फळ्यावर वाटाणे काढून शिकवला, पोरांनी मार्क घेतले आणि विसरली. नाणी उडवून शिकवायला हवं होतं. मला दहावीच्या वर्गात एक तास मिळवून दे, मी नाणी घेऊन येतो. तूही ये, कार्ड घेऊन.

सिस्टर : अन् बाजारातल्या त्या मशीनचं?

सर : ते त्याच्या आधी.

माझं स्वतःचं मत सिस्टरच्या बाजूनं अधिक झुकतं. मूलभूत संशोधनाला पैसा मिळायलाच हवा, तो आणखी मिळावा. पण नागपूरच्या त्या डोसासारख्या अभ्यासांना आपण अजून दुय्यम समजतो, आणि ही चूक फार महाग पडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांतल्या वाचकांना एक विनंती आहे. घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या, सोयरीक बोलताना मुलाचं कार्डही मागा आणि मुलीचं न लपवता दाखवा. नवरा-बायको दोघंही वाहक असाल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून ती स्वतःहून सोडू नका, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. रोवणीला जाणारीच्या सोबत पाण्याची बाटली द्या. आणि बाजारात क्वांटमची कांडी हातात देणारा भेटला तर ती हातात घेऊ नका, जवळच्या उपकेंद्रात जाऊन थेंबभर रक्त द्या.